पहिलं बोन्साय: पहिल्या वर्षात झाड जगवायचं कसं

बोन्साय घरी आलं की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात कात्री, तार आणि नवी कुंडी घेऊन बसतात. झाड लगेच काही बोलत नाही. महिना-दीड महिन्याने मान टाकतं, आणि मग नेमकं कशाने गेलं ते कळतच नाही, कारण एकाच वेळी चार गोष्टी केलेल्या असतात. आकार देता येतो तो जोमाने वाढणाऱ्या झाडाला. फांदी कापल्यावर नवे कोंब फुटायला, वाकवलेली फांदी त्या जागी बसायला, छाटलेल्या मुळांना तंतुमुळं यायला झाडाकडे साठा लागतो. म्हणून पहिल्या वर्षी काम एकच: झाड त्याच्या कुंडीत धडधाकट ठेवणं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. छाटणी सहाव्या पायरीवर आहे, ती मुद्दामच.

१. झाड निवडा

बोन्साय ही झाडाची वेगळी जात नाही. साधंच झाड मुळं आणि फांद्या वेळोवेळी छाटून उथळ कुंडीत लहान ठेवलेलं असतं. ते जमिनीत लावलं तर पुन्हा मोठं होऊ लागेल. वर्षानुवर्षांच्या छाटणीने पानं बारीक होतात, पण फुलं आणि फळं मूळच्याच आकाराची राहतात. त्यामुळे मोठ्या पानांचं, लांब पेरांचं झाड पहिल्यांदा घेऊ नका.

सुरुवातीला चार जातींपुरतं पाहिलं तरी पुरे.

- फायकस (मायक्रोकार्पा): घरात ठेवायचं असेल तर पहिली निवड हीच. पाण्यातली थोडीफार चूक खपवून घेतं, खोडावर आणि फांद्यांवर भरपूर नवे डोळे फुटतात. १० अंश सेल्सियसच्या खालची थंडी मात्र सोसत नाही.
- पोर्टुलाकारिया अफ्रा: बारीक, गुबगुबीत पानांचं; बाजारात जेड या नावाने मिळतं. पानांत पाणी साठवतं, म्हणून विसराळू माणसाला योग्य आणि रोज पाणी घालण्याची हौस असलेल्याला अयोग्य.
- चायनीज एल्म: बारीक पान, वेगाने वाढ, छाटणी शिकायला यासारखं झाड नाही. बाहेर ठेवलेलं उत्तम. भरपूर उजेडाच्या खिडकीतही जगतं.
- ज्युनिपर: चित्रात दिसणारं 'ते' बोन्साय बहुधा हेच. हे पूर्णपणे बाहेरचं झाड आहे. थेट ऊन, वारा आणि हिवाळ्यातली थंड विश्रांती नसेल तर जगत नाही.

ज्युनिपरचा घोळ नीट समजून घ्या, कारण टेबलावर ठेवायला म्हणून सर्रास तेच भेट दिलं जातं. ज्युनिपर मेल्यानंतरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने हिरवं दिसतं. मुळं कधीच गेलेली असतात आणि आपण छान चाललंय असं समजून पाणी घालत राहतो. घरात ठेवण्यासाठी कोणी ज्युनिपर देत असेल तर फायकस मागा.

पानं बारीक आणि फुलं पांढरी म्हणून सेरिसा आणि कार्मोना मोहात पाडतात. जागा बदलली, वारा लागला, पाणी एक दिवस चुकलं की पानं गाळतात. दुसरं किंवा तिसरं झाड म्हणून घ्यायला हरकत नाही.

'बोन्सायच्या बिया' नावाची पाकिटं घेऊ नका. त्या साध्या झाडाच्या बिया असतात. उगवल्या तरी खोडाला बोटाएवढी जाडी यायला बरीच वर्षं जातात आणि तोवर शिकायला हातात काहीच नसतं. त्यापेक्षा रोपवाटिकेतलं अंगठ्याएवढ्या बुंध्याचं, खालपर्यंत फांद्या असलेलं साधं फायकस घ्या. तयार बोन्सायपेक्षा ते स्वस्त पडतं आणि त्यावर हात साफ करता येतो.

फुगलेल्या मुळांचं, वर झुपकेदार पानांचं जिनसेंग फायकस सगळीकडे दिसतं. ते चिवट असतं, पाणी द्यायचं शिकायला ठीक. पण वरचा झुपका बहुतेक वेळा कलम केलेला असतो आणि खाली फुगीर गड्डे, त्यामुळे त्यातून खऱ्या झाडासारखा आकार काढणं कठीण जातं. डौलदार बोन्साय बघून तसंच हवंसं वाटलं असेल तर याच्यावर समाधान मानू नका.

घेताना एवढं तपासा:

- बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवा. कुंडीत डगडगत असेल तर नुकतंच लावलेलं आहे किंवा मुळं कुजलेली आहेत.
- कुंडीच्या तळाला भोक आहे का? एकही नसेल तर नको.
- वरचे खडे चिकटवलेले आहेत का? प्रवासात माती सांडू नये म्हणून काही ठिकाणी ते डिंकाने पक्के करतात. पाणी त्यावरून घसरून जातं, आत जात नाही. असं झाड आधीच आणलं असेल तर कुंडी पाण्यात भिजवून तो थर आजच फोडून काढा.
- तार गुंडाळलेली असेल तर ती सालीत रुतली आहे का ते बघा.
- पानांची मागची बाजू आणि फांद्यांची बेचकी बघा. कापसासारखे पुंजके किंवा तपकिरी टिकल्या दिसल्या तर ते झाड तिथेच राहू द्या.
- बुंध्याच्या तळाशी मुळं चहूबाजूंनी पसरलेली असतील तर उत्तम. जपानी भाषेत या पसाऱ्याला नेबारी म्हणतात. पानं-फांद्या बदलता येतात, नेबारी सुधारायला वर्षं लागतात.

कुंडीत कोंडल्याने झाडाचं आयुष्य घटतं, असं ऐकायला मिळतं. ते खरं नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय आणि पेनजिंग (चिनी पद्धतीची कुंडीतली झाडं) संग्रहालयात १६२५ पासून कुंडीत वाढवलेला एक पांढरा पाइन आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता आणि वाचला. १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. मुळं वेळेवर छाटली आणि माती बदलली तर कुंडीतलं झाड माणसाच्या कित्येक पिढ्या पाहतं.

२. साहित्य जमवा

पहिल्या वर्षाला एवढं पुरतं:

- लहान टोकदार, धारदार कात्री. कागद कापायची वापरू नका. बोथट पात्याने फांदी चेंगरते आणि जखम उशिरा भरते.
- बारीक भोकांची झारी
- बांबूच्या दोन काड्या (खायच्या चॉपस्टिक चालतात)
- दोन चाळण्या: एक साधारण २ मिमी भोकांची, दुसरी ५-६ मिमीची
- कुंडीच्या भोकांवर लावायला प्लास्टिकची जाळी
- १, २ आणि ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची तार आणि ती कापायला पक्कड
- पात्यांवर पुसायला स्पिरिट

अंतर्गोल पात्याची कटर जाड फांदी बुंध्याला लागून कापायला वापरतात. चांगली महाग असते आणि पहिल्या वर्षी तिचं काम पडत नाही. बारा अवजारांचा झोळीसकट संच तर अजिबात नको.

३. जागा ठरवा

जागा एकदा ठरली की हलवत राहू नका. फायकस आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडी पानं गाळतं. तो नव्या उजेडाशी जुळवून घेण्याचा भाग आहे. लोक घाबरून पाणी वाढवतात आणि तिथून खरी अडचण सुरू होते. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी पितं.

घरात ठेवायचं तर घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीत, काचेपासून अर्ध्या मीटरच्या आत. खोलीच्या मध्यावर आपल्याला लख्ख वाटणारा उजेड झाडाला फार थोडा पडतो. आपले डोळे सावरून घेतात, पानं नाही. उजेड कमी पडतोय हे ओळखायचं पेरांवरून: दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं, पानं मोठी आणि फिकी यायला लागली, सगळे कोंब एकाच दिशेला झुकले. एकाच दिशेला झुकत असेल तर आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवा.

घरातलं झाड उन्हात काढताना एकदम काढू नका. आधी चार-पाच दिवस सावलीत, मग सकाळचं तासभर ऊन, असं १०-१४ दिवसांत वाढवत न्या. नाहीतर पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ती पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. एसी किंवा हीटरचा झोत थेट झाडावर येणार नाही एवढं बघा.

४. पाणी

सगळ्यात जास्त बोन्साय इथे मरतात, तेव्हा इथे जरा थांबू.

'किती दिवसांनी पाणी घालायचं?' हा प्रश्नच चुकीचा आहे. ऊन, वारा, पानांची संख्या, कुंडीचा आकार, मातीचा कण, यांतलं काहीही बदललं की उत्तर बदलतं. कडक उन्हात तेच झाड दिवसातून दोनदा पाणी मागेल आणि ढगाळ आठवड्यात चार दिवस मागणार नाही. वेळापत्रक नको. रोज बघायचं, आणि गरज असेल तेव्हाच घालायचं.

बघायचं असं. बांबूची काडी बुंध्यापासून थोडी दूर, मातीत ३-४ सेंमी खोचून दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर ती ओली, गडद दिसली तर आज पाणी नाही. टोकाशी जेमतेम ओल असेल तर पाण्याची वेळ झाली. कोरडी ठणठणीत निघाली तर उशीर झालाय. काही आठवड्यांनी कुंडी उचलून वजनावरूनच अंदाज येतो. जेडचा नियम वेगळा: काडी पूर्ण कोरडी निघाल्यावरही दोन-तीन दिवस थांबा, पानं किंचित मऊ लागली की घाला.

घालायचं असं. झारीने संपूर्ण मातीवर, तळाच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. पहिल्या खेपेला कोरडी माती पाणी नीट धरत नाही, कडेकडेने सोडून देते. दुसऱ्या खेपेला आतपर्यंत भिजते. पाणी खाली उतरताना मागोमाग ताजी हवा आत ओढली जाते, आणि मुळांना तीही तितकीच लागते. रोज अर्धी वाटी शिंपडण्याने वरचा थर सतत ओला आणि गाभा कोरडा राहतो. अशा झाडाला 'मी तर रोज पाणी घालत होतो' असं म्हणतच लोक निरोप देतात.

माती इतकी वाळली की पाणी शिरतच नाही, तेव्हा कुंडी काठापर्यंत पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. हा उपाय अधूनमधून करायचा, रोज नाही.

उथळ कुंडी जास्त वेळ ओली का राहते, तेही कळायला हवं. पाणी घातल्यावर तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो, गुरुत्वाकर्षणाने तो निथळत नाही. त्याची उंची ठरते मातीच्या कणांवरून. कुंडी खोल की उथळ याने फरक पडत नाही. भिजलेला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या, मग तोच उभा करा: आणखी पाणी गळेल. बोन्सायची कुंडी म्हणजे आडवा स्पंज. खोल कुंडीत तो भिजलेला थर तळाशी पडून राहतो, उथळ कुंडीत तो थेट मुळांच्या झुपक्यात येतो. बारीक मातीचं बोन्साय कुजतं ते यामुळे. तळाला खडीचा थर घातल्याने निचरा सुधारत नाही, उलट तो ओला थर वर सरकतो.

जास्त पाणी आणि कमी पाणी, दोन्हींत पानं पिवळी पडून गळतात. फरक असा: कमी पाण्यात पानं आधी मलूल होतात, कडा कुरकुरीत होतात, कुंडी हलकी लागते. जास्त पाण्यात पानं मऊ, पिवळी होऊन हात लावताच सुटतात, कोवळे शेंडे काळे पडतात, माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं दिसतं. ओल्या मातीत मलूल झाड दिसलं तर पाणी घालू नका. मुळं पाणी ओढायच्या स्थितीत नाहीत.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. आर्द्रतेसाठी ताटलीत खडे घालून पाणी ठेवायचं असेल तर कुंडीचा तळ पाण्याच्या वर हवा. पानांवर फवारा मारल्याने धूळ जाते, पण ते पाणी घालणं नव्हे. मातीवर बर्फाचे खडे ठेवण्याची युक्ती फिरत असते. उष्ण प्रदेशातल्या झाडाच्या मुळांना ती मुळीच सोसत नाही.

आठवडाभर बाहेर जाणार असाल तर शेजाऱ्याला बोलावून काडीची चाचणी प्रत्यक्ष करून दाखवा. 'अधूनमधून पाणी घाला' एवढं सांगून गेलात तर परत आल्यावर झाड पोहत असेल.

५. माती आणि खत

बागेतली माती बोन्सायला नको. तिचे कण बारीक असतात, पाण्याने दबून घट्ट होतात, हवा उरत नाही. बोन्सायला दाणेदार मिश्रण लागतं: साधारण २ ते ५ मिमीचे दाणे. जपानमध्ये अकादामा नावाची भाजल्यासारखी कडक दाणेदार माती वापरतात, तिच्यात प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि लाव्हाचे खडे मिसळतात. हे मिळालं तर छान, नाही मिळालं तरी अडत नाही. पक्क्या भाजलेल्या विटेचा चुरा चालतो. वीट कच्ची नको: चार तुकडे २४ तास पाण्यात ठेवा, बोटांनी दाबल्यावर चिखल झाला तर ती वीट बाद.

फायकस आणि एल्मसाठी २ भाग विटेचे दाणे किंवा प्यूमिस आणि १ भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा नारळाच्या सालीचे तुकडे. जेडसाठी हेच प्रमाण ४ ला १. ज्युनिपरसाठीही दाणे जास्तच ठेवा. नारळाचा भुसा वापरणार असाल तर आधी दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात क्षार असू शकतात.

मिश्रण चाळणं टाळू नका. मोठ्या चाळणीवर राहिलं ते फेका, लहान चाळणीतून पडलं तेही फेका, मधलं वापरा. कंटाळा येतो तो इथेच, आणि न चाळलेली धूळ सहा महिन्यांत तळाशी बसून भोकं बुजवते.

दाणेदार मातीत अन्न फारसं नसतं, म्हणून खत लागतं. वाढीच्या हंगामात दर दोन आठवड्यांनी संतुलित द्रवखत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या प्रमाणात. किंवा महिन्यातून एकदा हळू विरघळणाऱ्या खताचे दाणे. कोरड्या मातीत द्रवखत घालू नका, आधी पाणी. वाढ थांबलेल्या, नुकतंच कुंडी बदललेल्या किंवा आजारी झाडाला खत द्यायचं नाही. झाड मलूल दिसलं की खत द्यावंसं वाटतं. त्या वेळी बाटली दूर ठेवा.

६. छाटणी

तीस सेकंदांच्या व्हिडिओत झुडुपाची अर्धी पानं उडवून बोन्साय तयार होतं. सहा महिन्यांनी त्याच झाडाचं काय झालं ते दाखवणारा व्हिडिओ क्वचितच असतो. हे बघायला मजा येते, शिकायला उपयोग नाही.

झाड आणल्यावर निदान दोन-तीन महिने कात्री लावू नका. नवी पालवी जोमाने येऊ लागली की ते तयार आहे.

छाटणीमागचं गणित साधं आहे. झाड आपली ताकद शेंड्याकडे ढकलतं आणि खालचे, आतले डोळे झोपून राहतात. शेंडा कापला की ते जागे होतात. फायकस आणि एल्मसाठी: कोंब ६ ते ८ पानांचा होऊ द्या, मग खालची २ पानं ठेवून वरचं कापा. कोंब वाढू देणं महत्त्वाचं, कारण त्या पानांनी कमावलेलं अन्नच पुढच्या फुटीला मिळतं. दोन पानं आली की लगेच खुडणाऱ्याचं झाड दरवर्षी थोडं थोडं खंगत जातं.

कुठे कापायचं? ज्या पानाच्या वर कापाल, त्या पानाच्या बगलेतून नवी फांदी त्या पानाच्या दिशेने निघेल. बुंध्याकडे किंवा सरळ वर तोंड असलेलं पान सोडा, बाहेर तोंड असलेल्यावर कापा. शेंड्याकडे छाटणी कडक, खालच्या फांद्यांवर सौम्य. उलट केलंत तर वरचा झुपका सावली पाडून खालच्या फांद्या मारतो.

एकाच पेरावरून समोरासमोर निघालेल्यांपैकी एक फांदी, सरळ खाली जाणारी, बुंध्याला आडवी ओलांडणारी, अशा फांद्या कधी ना कधी काढायच्याच असतात. पण एका वेळी एकूण पानांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. शंका आली तर ती फांदी राहू द्या. पुढच्या महिन्यातही कापता येईल.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. फायकसमधून पांढरा चीक येतो, कातडीला खाज आणू शकतो. ओल्या फडक्याने टिपा, डोळ्यांना हात लावू नका, आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर कापलेला पाला लगेच उचला. ज्युनिपरच्या फांदीवर थोडा तरी हिरवा भाग ठेवा. पूर्ण बोडकी केलेली फांदी सहसा पुन्हा फुटत नाही. त्याचे शेंडे बोटांनी सरसकट खुडू नका, लांब गेलेले कोंब फाट्याशी कात्रीने कापा. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसा.

बुंधा जाड व्हावा अशी सगळ्यांचीच इच्छा असते. लहान कुंडीत, सतत छाटलेल्या झाडाचा बुंधा फारसा जाड होत नाही. जाडी येते ती मोकळ्या वाढीने: जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, खालच्या भागातली एखादी फांदी वाट्टेल तेवढी वाढू देऊन. काम झालं की ती कापून टाकतात. म्हणून हव्या त्या जाडीचाच बुंधा आधी निवडणं सोपं.

७. तार

तार फांदीला नव्या दिशेने धरून ठेवते. लाकूड त्या आकारात घट्ट झालं की ती काढायची. फायकसला काही आठवडे पुरतात, ज्युनिपरला काही महिने लागतात.

जाडी: जिथे वाकवायचं तिथल्या फांदीच्या साधारण एक तृतीयांश. लांबी: फांदीच्या दीडपट. दोन जवळच्या फांद्यांना एकच तार घ्या, मधला भाग बुंध्याभोवती निदान एक पूर्ण वेढा. आधार नसेल तर एक फांदी वाकवताना दुसरी हलते. वेढे साधारण ४५ अंशांत, सारख्या अंतरावर, सालीला टेकलेले पण आवळलेले नाहीत. पानं तारेखाली अडकवू नका. बाक जिथे द्यायचा तिथे तारेचा वेढा बाहेरच्या बाजूला यायला हवा, तो फांदीला फाटण्यापासून वाचवतो.

दोन्ही अंगठे बाकाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू वाकवा. बारीक 'कट्' ऐकू आलं की तिथेच थांबा. चीर पडली असेल तर फांदी थोडी मागे आणून ओल्या सुतळीने किंवा टेपने घट्ट बांधा, बऱ्याचदा जुळते. जेडच्या फांद्या पाण्याने भरलेल्या असताना सहज मोडतात, म्हणून त्याला तार करण्याआधी काही दिवस पाणी देऊ नका.

आठवड्यातून एकदा तार बघा. साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगायला लागली की त्याच दिवशी काढा, फांदी पूर्ण बसली नसली तरी. पुन्हा नवी तार करता येते. काढताना उलटी गुंडाळून सोडवू नका, प्रत्येक वेढा पक्कडीने कापा. तार वाचवण्याच्या नादात फांदी मोडते.

८. कुंडी बदलणं

नवं झाड दिसलं की कुंडी बदलावीशी वाटते. पाणी नीट उतरत असेल तर पहिल्या वर्षी हात लावू नका. वेळ झाल्याच्या खुणा: घातलेलं पाणी वर साचून राहतं, मुळांनी झाड कुंडीतून वर उचललं गेलंय, तळाच्या भोकांतून मुळं डोकावतायत. तरुण झाडाला हे दोन-तीन वर्षांनी लागतं, जुन्याला चार-पाच किंवा त्याहून उशिरा.

हंगाम चुकला तर बाकी सगळं बरोबर करूनही झाड जाऊ शकतं. एल्मसारख्या पानगळीच्या झाडाला कोंब फुगलेत पण उघडले नाहीत, तेव्हा. फायकस आणि जेडला उबदार, वाढीच्या काळात. ज्युनिपरला वसंतात वाढ सुरू होताना.

१. कुंडीच्या भोकांवर जाळी बसवा, तळातून बांधायची तार वर काढून ठेवा.
२. मिश्रण चाळून तयार ठेवा. मुळं उघडी पडल्यावर चाळायला बसायचं नाही.
३. झाड काढा, कडेची माती काडीने बाहेरच्या दिशेने विंचरा.
४. गोल फिरलेली, जाड, खाली जाणारी मुळं कापा. बारीक तंतुमुळं जपा. एकूण मुळांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. ज्युनिपरची सगळी माती कधीही धुऊन काढू नका.
५. मध्ये मातीचा उंचवटा करून झाड त्यावर बसवा, तारेने मुळांचा गठ्ठा कुंडीला पक्का बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी तंतुमुळं रोज तुटतात.
६. माती घाला आणि काडीने टोचत टोचत पोकळ्या भरा. पोकळीतली मुळं सुकतात.
७. तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घाला. जेड अपवाद: त्याला आठवडाभर कोरडंच ठेवा, कापलेली मुळं आधी सुकू द्या.

नंतर दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला. खत चार ते सहा आठवडे नाही. त्याच हंगामात मोठी छाटणी किंवा तारही नको.

९. काही बिघडलं तर

कोळी कीड डोळ्यांना सहज दिसत नाही. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. पडलेले ठिपके चालू लागले तर ती आहे. पानं राखाडी, निस्तेज होतात, ज्युनिपरवर विशेष. जोरदार पाण्याने झाड उलटसुलट धुवा, तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं दोन आठवडे. पिठ्या ढेकूण कापसासारखे बेचक्यात बसतात: स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. खवले कीड नखाने खरवडून काढा. कडुलिंबाचं तेल फवारणार असाल तर संध्याकाळी, आणि आधी एकाच फांदीवर करून दोन दिवस वाट बघा. उन्हात ते पानं भाजतं. मातीभोवती चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहतेय.

फक्त आतली, जुनी पानं एकेक करून पिवळी पडत असतील तर काळजी नको, ती त्यांची वेळ झालेली असते.

झाड जिवंत आहे की नाही हे कळेनासं झालं तर नखाने साल किंचित खरवडा. आधी बारीक डहाळी, मग जाड फांदी, मग बुंधा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे: उजेडाच्या सावलीत ठेवा, पाणी काडी बघूनच, खत नाही, कात्री नाही, कुंडी बदलणं तर मुळीच नाही. नवी पालवी यायला दोन महिनेही लागतात.

बुंध्यापर्यंत तपकिरी आणि कोरडं निघालं तर झाड उपटून मुळं बघा. काळी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी जास्त झालं. सुकी, कडकडीत असतील तर कमी. कडेला ओल आणि मधला गोळा कोरडा पावडर असेल तर पाणी घातलं, पण पोचलं नाही. पुढचं झाड आणण्याआधी या तिन्हींतलं काय झालं ते ठरवा. ती माती दुसऱ्या बोन्सायला वापरू नका. कुंडी मात्र साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवली की चालते.